नऊ भोकांची डबी

डबीला नऊ भोकं होती. ती पुसायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला आकडा माहीत. ज्या वस्तूला भोकं असतात तिच्यात धूळ जाते, मुंग्या जातात, आणि माणसांची बोटं तर जातातच. ती डबी आली त्या दिवसापासून मला तिचा भरवसा नव्हता.

पौड रस्त्यावर भुकूमजवळ एक मंगल कार्यालय आहे. तिथे मी बरीच वर्षं झाडलोट केली. त्याचं नाव सांगत नाही, सांगून कोणाचा काही फायदा नाही. कार्यालयाला दोन हॉल, एक खाली आणि एक वर. पूर्वी दाराशी फळा असायचा आणि त्यावर थर्माकोलची अक्षरं टाचण्यांनी लावायचे. मग फळा गेला आणि माणसाच्या उंचीचा उभा टीव्ही आला. त्यावर नवरा-नवरीची नावं, दोघांचे फोटो, लग्न कुठल्या हॉलमध्ये आणि जेवण कुठे, हे सगळं रंगीत फिरत राहायचं. पाहुणा आत आला की आधी टीव्हीकडे बघायचा, मग माणसांकडे. आम्ही त्यालाही फळाच म्हणत राहिलो.

टीव्हीला स्वतःला काही कळत नाही. त्याच्या पाठीमागे लोखंडी पट्टीला काळी पत्र्याची डबी अडकवलेली असते, पानाच्या डब्याहून जरा मोठी. ती सांगेल तेच टीव्ही दाखवतो. डबीवर प्रत्येक भोकाखाली बारीक इंग्रजी लिहिलं होतं. मी चौथी शिकलेली, मला ते वाचता येत नाही. त्यामुळे मी भोकं आकारावरून ओळखायची, जशी भांड्यांवरची झाकणं ओळखतो तशी. एक गोल, त्यात वीज. एक रुंद, खालचे दोन कोपरे छाटल्यासारखं. त्यातून जाड वायर टीव्हीकडे जायची आणि चित्र त्यातून जायचं. एक चौकोनी, आत तांब्याच्या काड्या. ते इंटरनेटचं, पण कार्यालयात नेट धड नसल्यामुळे ते रिकामंच. एक बारीक गोल, आवाजाचं. एक टाचणीएवढं, ते दाबलं तर डबी सगळं विसरते म्हणे. खालच्या अंगाला एक फट, तिच्यात नखाएवढं कार्ड. आणि एका जागी तर भोकाऐवजी नऊ सुया उभ्या आणि दोन बाजूंना स्क्रू. ते कशाला, असं मी डबीच्या टेक्निशियनला विचारलं, तर तो म्हणाला, "जुन्या मशीनला लागतं मावशी, आता कुणी वापरत नाही." कुणी वापरत नाही ते बनवतात कशाला? तो हसून स्क्रू आवळत बसला. मी ते लक्षात ठेवलं.

राहिली दोन. चपटी, शेजारी शेजारी, मापानं अगदी सारखी. एकाच्या आत निळी जीभ, दुसऱ्याच्या आत काळी. जे काही झालं ते या दोघांवरून झालं.

माझी सून त्याच कार्यालयात ऑफिसात बसते. बारावी झाली आहे, कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे. फळ्याचं सगळं तीच बनवायची. लग्नघरची माणसं नावं आणि फोटो पाठवायची, ती ते कॉम्प्युटरवर जुळवायची, पेन ड्राइव्हमध्ये भरायची आणि तो पेन ड्राइव्ह डबीच्या निळ्या भोकात घालायची. डबीला तसंच शिकवलेलं होतं. निळ्यात जे असेल ते दाखवायचं. निळ्यात काही नसेल तर पोटातल्या कार्डात जे असेल ते. कार्डात होतं एक जुनं लग्न, डबी बसवली तेव्हा बघण्यापुरतं भरलेलं. काळ्या भोकाकडे डबी लक्षच देत नव्हती.

आमच्या घरात पगारासाठी खुर्चीवर बसणारी ती पहिली. मला तिचं कौतुक होतं असं नाही. मला एका घरात दोन झाडू नको होते, एवढंच. कोळवण खोऱ्यातून आम्ही दोघी सकाळी एकाच जीपनं यायचो. कार्यालयाच्या फाटकातून आत गेलो की ती ऑफिसाकडे वळायची आणि मी संडासाकडे. आत ती मला आत्या म्हणायची नाही, सगळ्यांसारखी मावशी म्हणायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. झाडू हातात आला की बाई सगळ्या जगाची मावशी होते.

पहिल्यांदा घोटाळा झाला तो एका साखरपुड्याला. सकाळी पाहुणे यायला लागले आणि फळ्यावर झळकत होते ते कार्डातले जुने नवरा-नवरी. मुलाकडच्यांची एक जीप दाराशी आली. पुढे बसलेल्या मामानं आत डोकावून फळा वाचला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हे न्हवं. दुसऱ्याच कुणाचं हाय." जीप गेली पुढे भूगावला. तिथे तीन कार्यालयं फिरली. मुलीची साडी आणि अंगठी त्याच जीपमध्ये होती, आणि मामाच्या फोनला रेंज नव्हती. भटजी घड्याळ बघत बसले. मुलीचा बाप मॅनेजरवर ओरडला आणि मॅनेजर सुनेवर.

मॅनेजरनं सगळ्यांसमोर तिला टीव्हीमागे नेऊन दाखवलं. पेन ड्राइव्ह काळ्या भोकात होता.

"दोनच भोकं आहेत बाई," मॅनेजर म्हणाला. "दोनातलं एक लक्षात ठेवता येत नाही?"

"सर, मी निळ्यातच घातला होता."

"मग काय तो उडी मारून गेला का?"

मॅनेजर पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टाचा माणूस. सकाळपासून दारात उभा राहून पाहुण्यांना नमस्कार करायचा. एक हात नमस्काराला आणि दुसऱ्यात फोन.

परत जाताना मी जीपमध्ये सुनेला म्हटलं, "फोनवर बोलत बोलत घातलास का?"

"न्हाई आत्या. निळ्यातच घातला."

"नीट आठव."

"आठवायला काय त्यात. रोज घालतीया."

मला पटलं नाही. ती फोनमध्ये मान घालून बसते हे मी घरी रोज बघत होते.

पंधरा दिवसांनी एका लग्नात पुन्हा तेच झालं. या वेळी जास्त वाईट, कारण आलेल्यांपैकी एका बाईनं फळ्यावरची जुनी नवरी ओळखली. "ही तर माझ्या जावेच्या गावची. हिचं कवाच मोडलंय, कोरटात चालू हाय." हे नव्या नवरीच्या आजीच्या कानावर गेलं. आजी म्हणाली, मोडलेल्या लग्नाखालून माझी नात आत जाणार नाही. नवरीला मग मागच्या दारानं, भटारखान्यातून, तेलाच्या डब्यांमधून आणलं. पेन ड्राइव्ह पुन्हा काळ्या भोकात सापडला.

मॅनेजर या वेळी ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "अजून एकदा असं झालं तर खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही सासूबाईंबरोबर हाउसकीपिंगला."

सून आत गेली आणि मी तिथेच फडकं पिळत उभी राहिले. कोणीतरी हात लावतंय, हे मला त्या दिवशी नक्की झालं. कोण, ते शोधायचं होतं.

पहिला संशय कार्यालयाच्या वायरमनवर. तो आमच्याच खोऱ्यातला, त्याची भाची कॉम्प्युटर शिकलेली. ती खुर्ची रिकामी होती तेव्हा त्यानं भाचीसाठी खटपट केली होती आणि जमलं नव्हतं. दुसरा टेक्निशियनवर. तो लातूरकडचा, जांब्याला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीकडून यायचा. डबीला काही झालं नसलं तरी यायचा. ऑफिसात बसून चहा प्यायचा आणि सुनेशी निम्मं इंग्रजीत बोलायचा. डबी बिघडली तर त्याला यायला निमित्त मिळतं, असा मी हिशोब केला. तिसरा संशय सुनेवर होता. तिला आपण होऊन खुर्ची का घालवायची असेल, हे मला सांगता येत नव्हतं. पण कारण सापडत नाही म्हणून संशय सोडायचा, असं मी कधी केलं नाही. मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, दिवस उगवायच्या आत जातो. घरात लक्ष ठेवायला मीच.

नुसतं बघून भागत नव्हतं. कार्यालयात लग्नाच्या दिवशी कोण टीव्हीमागे जातं ते कळत नाही. डेकोरेशनवाले जातात, फुलवाले जातात, पोरं लपतात. मला खूण पाहिजे होती. ती मला माहीत होती.

माझ्या लहानपणी आमच्या खोऱ्यात भात झोडून झालं की खळ्यावर रास करायचे. रास लगेच घरात नेता येत नसे, एक-दोन रात्री खळ्यावर राहायची. मग मालक लाकडी छाप राखेत बुडवून राशीवर चहूबाजूंनी उठवायचा. कोणी ओंजळभर भात जरी काढला तरी भात घसरतो आणि छाप मोडतो. तो छाप आमच्यासाठीच असायचा. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या बायका झोडणीला जायच्या, आणि चोरी कुणाची तर त्यांची, हे धरूनच चाललेलं. एकदा सकाळी छाप मोडलेला निघाला. मालकानं माझ्या आईला खळ्याच्या मधोमध उभं करून पदर झटकायला लावला. पदरातून काही पडलं नाही. थोड्या वेळानं कोंबड्या राशीवर चढताना सगळ्यांनी पाहिल्या. मालक म्हणाला, "बरं, लागा कामाला." मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्यात मी काय शिकले म्हणाल, तर छाप कसा उठवायचा ते शिकले.

आमच्याकडे गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. चुलीतली पांढरी राख घेतली, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा चाळली आणि कागदाच्या पुडीत बांधली. दुसऱ्या दिवशी सुनेनं पेन ड्राइव्ह लावला आणि ती गेली, की मी पुसायच्या निमित्तानं मागे गेले. पेन ड्राइव्हच्या पाठीला आणि निळ्या भोकाच्या कडेला राखेचा हात फिरवला आणि वर अंगठा दाबला. माझ्या अंगठ्याला विळ्यानं कापल्याची आडवी खूण आहे. तसा ठसा दुसऱ्या कुणाला उठवता येणार नाही. काळ्या भोकाला राख लावली नाही. काळ्यात कुणी काय घालतं त्याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. निळ्यातून कोण काढतं ते मला पाहिजे होतं.

तीन कार्यक्रम झाले आणि तिन्ही वेळा ठसा जागेवर. मी संध्याकाळी पुसून काढायची, पुढच्या वेळी नवा उठवायची. चौथ्या वेळी वरच्या हॉलमध्ये लग्न होतं. दुपारी सगळे जेवायला बसले, दार ओस पडलं, तेव्हा मी टीव्हीकडे गेले. फळ्यावर जुनं जोडपं आणि पेन ड्राइव्ह काळ्या भोकात. ठसा फिसकटलेला. निळ्या भोकाच्या कडेची राख आतल्या बाजूला ढकलल्यासारखी दिसत होती.

पावलं वाजली म्हणून मी खांबाआड झाले. सून आली. तिनं फळा पाहिला, इकडेतिकडे पाहिलं, पटकन मागे जाऊन पेन ड्राइव्ह काळ्यातून काढला, निळ्यात घातला, बोटं ओढणीला पुसली आणि निघून गेली. मॅनेजरकडे गेली नाही, कुणाशी बोलली नाही.

त्याच दिवशी टेक्निशियन आलेला होता. मी दोन आणि दोन जोडले. बाहेर तो मोटारसायकलला किक मारत होता. मी जाऊन पुढे उभी राहिले.

"कशाला आला होता?"

"मावशी, वरच्या हॉलच्या स्पीकरची वायर. का हो?"

"हात दाखवा."

"काय?"

"हात. दोनी. उलटे करा."

तो हसला, पण त्यानं हात पुढे केले. दोन्ही तळवे स्वच्छ, एका बोटाला चिकटपट्टी. "भविष्य बघता काय मावशी? लग्नाचं बघा तेवढं, घरचे लई मागं लागलेत."

"धुतले आसतील," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. ऑफिसच्या खिडकीत सून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढे ड्रायव्हरजवळ बसली. घरी आल्यावर भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या माणसाच्या हातावर काय हुडकत होता?"

"तुला ठावं."

"मला काय ठावं?"

"दुपारी मागं जाऊन काय केलंस, ते तुला ठावं."

तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "तुमी माझ्यावर नजर ठेवताय व्हय?" मी उठून पाणी भरायला गेले. व्हय म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, न्हाई म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं.

पुढच्या रविवारी मोठं लग्न होतं. सुनेनं सकाळी माझ्यादेखत पेन ड्राइव्ह लावला. आता ती मला दाखवूनच लावायची. डबीसमोर उभी राहून म्हणाली, "बघा. निळ्यात. दिसतंय?" मी दिसतंय म्हटलं. ती वळली तोच फळा उजळला आणि त्यावर तेच जुनं जोडपं आलं. तिनं पेन ड्राइव्ह काढून पुन्हा घातला. तेच. उलटा करून बघितला, जाईना. पुन्हा सुलटा. तेच. पेन ड्राइव्ह निळ्यात होता आणि डबी म्हणत होती निळ्यात काही नाही. तेवढ्यात वऱ्हाडाची पहिली बस फाटकात आली.

मॅनेजर धावत आला. फळा पाहून त्यानं कपाळाला हात लावला. मग एका पुठ्ठ्यावर मार्करनं नवरा-नवरीची नावं लिहून तो टीव्हीवर चिकटवला. सगळ्या पाहुण्यांसमोर, आवाज न चढवता, सुनेला म्हणाला, "झालं तुमचं. उद्यापासून झाडू घ्या."

ती म्हणाली, "सर, या वेळी निळ्यातच आहे, बघा तरी."

"मला काय बघायचं? फळ्यावर दिसतंय तेवढं पुरे."

टेक्निशियनला फोन केला. तो जांब्याहून यायला तासभर लागला. तोवर सून ऑफिसात गेली नाही, खुर्चीतही बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. मी झाडत होते. झाडण्यासारखं काही नव्हतं.

टेक्निशियननं डबी काढून रिसेप्शनच्या टेबलावर ठेवली. मॅनेजर, वायरमन, नवरीचा चुलता, सून असे सगळे भोवती. त्यानं निळ्या भोकात बॅटरी मारली, वाकून पाहिलं. मग एका काडीला कापूस गुंडाळला, कसल्याशा औषधात बुडवला आणि आत फिरवला. कापूस करडा निघाला. दुसरा घातला, तोही करडा.

"हे काय आहे?" तो म्हणाला. त्यानं बोटावर चोळून पाहिलं, वास घेतला. "राख आहे ही. जिभेवर चार पितळी पट्ट्या असतात, त्यांच्यावर थर बसलाय. पेन ड्राइव्ह टेकतच नाही. डबीला वाटतं काही लावलेलंच नाही."

मी झाडू हातात घेऊन उभी होते. मला कळलं की आज सुनेची खुर्ची कुणी घालवली असेल तर ती मी.

मॅनेजरनं वायरमनकडे पाहिलं. "बिड्या कोण ओढतं इथं मागं उभं राहून?"

वायरमन म्हणाला, "म्या न्हाई साहेब. म्या भायेर वढतो." पण त्यानं मान खाली घातली, आणि मान खाली घातलेला माणूस चोरच दिसतो. मी काही बोलले नाही. हे लिहिताना लपवत नाही. मी विचार केला, जाऊ दे, वायरमनवर जाऊ दे. त्याला नाहीतरी भाचीला आणायचंच होतं.

मग मॅनेजर म्हणाला, "राखेचं मी नंतर बघतो. आजचं एक वेळ सोडून दिलं. पण आधीच्या दोन वेळा? तेव्हा राख कुठे होती? पेन ड्राइव्ह दोन्ही वेळेला काळ्यात होता, मी स्वतः दाखवला. त्याला काय उत्तर आहे?"

मी बघत होते टेबलाकडे. डबीच्या शेजारी मॅनेजरचा फोन होता आणि त्याच्या चार्जरची पांढरी वायर गुंडाळून ठेवलेली होती. वायरीच्या टोकाची पिन माझ्याकडे तोंड करून होती. चपटी, पेन ड्राइव्हच्या तोंडाच्याच मापाची. तिच्या आत करडं काहीतरी साचलं होतं.

दाराशी प्लगला कधी जागा नसायची, सगळे प्लग डेकोरेशनवाल्यांच्या माळांनी भरलेले. आणि हा माणूस दिवसभर दारात उभा, फोन हातात. हे मी रोज बघत होते. साहेब असल्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेवढी एक जागा मी मोकळी सोडली होती.

पिनेतली राख कुठली, हे सांगायचं तर राख माझी, हे आधी सांगावं लागणार होतं. दुसरा रस्ता नव्हता.

"राख माजी हाय," मी म्हटलं.

सगळे वळले. मॅनेजरला वाटलं मी खुळी झाले. "काय म्हणालात मावशी?"

"राख माजी हाय. चुलीतली. निळ्या भोकाला लावत हुते, कोण हात लावतंय ते बघाया. काळ्याला लावली न्हाई. फकस्त निळ्याला." मी झाडू भिंतीला लावला, टेबलावरची वायर उचलली आणि टेक्निशियनसमोर धरली. "आता ह्यात कापूस घाला."

"ते कशाला?" मॅनेजर म्हणाला. "ठेवा ते."

टेक्निशियननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आठ दिवसांपूर्वी मी त्याला भर फाटकात हात उलटे करायला लावले होते. तो नाही म्हणू शकला असता. त्यानं नवा कापूस घेतला, पिनेत घातला, फिरवला आणि बाहेर काढून टेबलावर ठेवला. करडा. आधीच्या दोन बोळ्यांशेजारी तिसरा.

मग मॅनेजर म्हणाला, "दोन मिनिटं लावला असेल एखाद वेळी. चार्जिंग संपलं की काय करणार माणूस? भोक दिसलं, लावला. परत पेन ड्राइव्ह जागेवर ठेवायचो की मी."

"कुटल्या जागेवर?" सून म्हणाली. "काळ्या?"

"दोन्ही सारखीच तर आहेत."

नवरीचा चुलता पुढे सरकला. तो म्हणाला, "म्हंजी मॅनेजरसाहेब, तुमचा फोन पोटभर जेवला आणि आमच्या पोरीचं नाव पुठ्ठ्यावर." वायरमन हसला, सगळ्यात मोठ्यानं. टेक्निशियननं डबी परत लावली, पेन ड्राइव्ह निळ्यात घातला, आणि फळ्यावर खरे नवरा-नवरी आले. चुलत्यानं पुठ्ठा काढून त्याचे चार तुकडे केले.

मॅनेजर सुनेला म्हणाला, "जा, कामाला लागा." माफी मागितली नाही. ती ऑफिसात गेली आणि खुर्चीत बसली.

त्याला माहीत नव्हतं, असं अजूनही लोक म्हणतात. पहिल्या वेळेला नसेल, मी मानते. पण दुसऱ्या वेळी, पेन ड्राइव्ह काळ्यात सापडला तेव्हा, आपण सकाळी काय केलं हे त्याला आठवलं नसेल? सुनेला शांत आवाजात बोलला तो त्यामुळेच, असं मला वाटतं. निर्दोष माणूस ओरडतो.

दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यानं सांगितलं, "मावशी, तुम्ही मशीनमध्ये राख घातली. मला तुम्हाला ठेवता येणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. डबी म्हणजे भाताची रास नव्हे. राशीला राखेनं काही होत नाही. डबीला होतं, हे मला कळायला पाहिजे होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही मला काढलं असतं. त्याला कोण काढणार, तो मालकाचा साडू.

त्या दिवशी दुपारीच मी घरी निघाले. सून मला जीपपर्यंत सोडायला रस्त्यावर आली. जीप भरायची होती, ड्रायव्हर पौड पौड ओरडत होता. आम्ही दोघी झाडाखाली उभ्या राहिलो. ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी दुपारी मी गुपचूप का बदलला, ठावं हाय? सांगितलं आसतं तर ती तिसरी येळ मोजली आसती त्यांनी. लोकं जेवत हुती, कुणी बघितलं न्हवतं. म्हणून गप बसले."

"आसंल."

"आसंल न्हाई. तसंच हाय."

मी जीप भरली का ते बघितलं.

"तुमी मला नुसतं इचारलं आसतं, आत्या. येकदा. राख लावायच्या आदी. त्या माणसाला हात दाखवाया लावायच्या आदी. घरात दोघीच आसतो की आपण."

"इचारलं आसतं तर तू काय म्हणली आसतीस?"

"म्या न्हाई केलं म्हणले आसते."

"आन् मी ते खरं मानलं नसतं. मग इचारून काय उपेग?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल की आता तरी मी दुसरं काही बोलेन. पण जे होतं ते हेच होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मागच्या सीटवर एकाच बाईची जागा राहिली होती. मी चढले. ती ओढणी सावरत रस्ता ओलांडून कार्यालयात गेली. तिची जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि उशीर झाला असता तर बोलायला मॅनेजर बसलेलाच होता.